रोटाचे थेंब बाळालाच का? मोठ्यांना दिले तर काय होईल?

स्लो_लोकल:
मंडळी, प्रश्न जरा वेडगळ वाटेल पण विचारतोच. लेकीला दीड महिन्याचे डोस द्यायला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात गेलो होतो. मांडीत पेंटाचं इंजेक्शन, पोलिओचे थेंब, आणि मग रोटाव्हायरसची (जुलाबाच्या व्हायरसवरची) लस, ती पण तोंडातूनच. सिस्टरनी बाळाचं डोकं जरा मागे कलतं धरायला सांगितलं आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडली, तरी लेकीने जीभ बाहेर काढून काढून निम्मी हनुवटीवर आणली असं मला वाटलं, पण सिस्टर म्हणाल्या गेलंय पोटात, चला पुढचं बाळ. माझी आई सोबत होती, ती म्हणाली मग आम्हालाही द्या की दोन थेंब, पोट तर आमचंच बिघडतं. सगळे हसले.
पण खरंच, मोठ्या माणसाला ही लस दिली तर काय होईल? माझ्या सरळ हिशोबाने जास्त चांगली चालायला हवी ना, आमची सिस्टीम पूर्ण तयार आहे, दीड महिन्याच्या बाळाचं काय तयार असणार? आणि बाळाला एकच गोष्ट तीन तीनदा का? शिवाय मेहुणा (तो सगळ्यातला एक्स्पर्ट आहे) म्हणतो की हीच लस युरोप-अमेरिकेत ९० टक्के चालते आणि आपल्याकडे निम्मीच. हे खरं असेल तर लस वेगळी देतात का आपल्याला?

भांडुपेश्वर:
आईंना सांगा, पावसाळ्यात बिघडतं त्यातलं बरंचसं रोटा नसतं, ते स्टेशनबाहेरच्या भैयाचं असतं. बाकी वाचतोय, बुकमार्क केलाय.

कुंदा_मावशी:
आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो. हगवण लागली की साखर-मीठ-पाणी आणि रात्रभर जागायचं. आमच्या चाळीत दोन खोल्या सोडून एक बाळ गेलं होतं तसंच, सकाळी जुलाब सुरू झाले आणि रात्री गेलं, त्याला तेव्हा कोणी रोटा वगैरे म्हटलं नव्हतं. त्यामुळे थेंब मिळतायत तर घ्या, प्रश्न नंतर विचारा.

अर्धा_डॉक्टर:
मावशी, तुम्ही म्हणता ते रोटा असेलच असं सांगता येणार नाही, पण असू शकतं. हा व्हायरस सापडलाच मुळात १९७३ साली, मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या टीमला, जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याच्या तुकड्यात. त्याआधीची सगळी बाळं "जुलाबाने गेलं" एवढ्यावरच.
मी पेडियाट्रिक्सला आहे (रेसिडेंट, म्हणून आयडी असा). पाच वर्षांचं होईपर्यंत जगातल्या जवळपास प्रत्येक मुलाला रोटा एकदा तरी होतो, अमेरिका असो की गोवंडी, स्वच्छतेने फार फरक पडत नाही. फरक पडतो तो पुढच्या चोवीस तासांत. आठ महिन्यांचं बाळ आधी ओकायला लागतं, मग पाण्यासारखे जुलाब, ताप, आणि वॉर्डमध्ये येईपर्यंत टाळू आत गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहते, रडतं पण डोळ्यात पाणी नाही. मोठ्या माणसाला हाच व्हायरस लागला तर बहुतेकदा काहीच कळत नाही, फार तर एक दिवस पोट सैल. २०१३ चा एक अंदाज आहे, जगभरात त्या वर्षी पाच वर्षांखालची सुमारे २ लाख १५ हजार मुलं रोटाने गेली आणि त्यातली २२ टक्के एकट्या भारतातली. म्हणून लस तिथे द्यायची जिथे जीव जातो.
बाकी इम्युनॉलॉजीचं मी सांगण्यापेक्षा सूक्ष्मदर्शी काका आले तर बरं, मी नाईटवर आहे.

सूक्ष्मदर्शी:
आलो. प्रश्न अजिबात वेडगळ नाही, लस बनवणाऱ्यांची वर्षंच्या वर्षं याच प्रश्नात गेलीत. मी परळला एका लॅबमध्ये नोकरी केली, आता रिटायर आहे, सवड आहे पण टायपिंग स्लो आहे, सांभाळून घ्या.
पहिलं म्हणजे ही जिवंत लस आहे. थेंबातला व्हायरस अशक्त केलेला किंवा मुळातच सौम्य असतो, पण मेलेला नसतो. त्याने आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत शिरून थोडंफार वाढायचं, तेवढ्यात शरीराने त्याला बघायचं आणि उत्तर तयार करायचं, अशी सगळी योजना. वाढलाच नाही तर शरीराला दिसत नाही.
आता तुमच्या आईंचं आतडं घ्या. त्यात आयुष्यभर येऊन गेलेल्या रोटाची आठवण आहे, आतड्याच्या स्रावात आयजीए नावाच्या अँटीबॉडी कायम असतात, रक्तात आहेत, आणि मज्जेत, आतड्यात जुन्या पेशी बसलेल्या आहेत. थेंब खाली उतरले की या अँटीबॉडी व्हायरसला चिकटतात आणि तो पेशीत शिरायच्या आधीच खेळ खल्लास. त्यामुळे मोठ्यांच्या शौचात लसीचा व्हायरस फारसा सापडत नाही, आणि रक्तातल्या अँटीबॉडीचा आकडा पुष्कळांचा जेमतेम हलतो कारण तो आधीच वर असतो. ज्यांचा हलतो त्यांचा मात्र झटक्यात हलतो, आठवड्याभरात, कारण नवीन काही शिकायचं नसतं, जुन्या बी पेशींना (अँटीबॉडी बनवणाऱ्या) फक्त उठवायचं असतं. म्हणजे मोठ्यांमध्ये ही लस म्हणून नाही, आठवण करून देणारा डोस म्हणून वागते.
बाळाचं सगळंच निराळं. त्याच्या बी पेशी कोऱ्या. व्हायरस पहिल्यांदा दिसतो, मग गर्दीतून एखादी जुळणारी पेशी सापडायची, तिने वाढायचं, टी पेशींनी तिला मदत करायची (आणि त्या टी पेशीही तान्ह्या), मग कुठे आयजीए बनायचं, यात आठवडे जातात आणि जे बनतं ते थोडं बनतं. म्हणून तीनदा. पहिल्यावेळी ज्या बाळात व्हायरस रुजला नाही त्याला दुसऱ्यांदा संधी, तिसऱ्यांदा अजून एक.
म्हणून "मोठ्यांची सिस्टीम तयार म्हणून लस जास्त चालेल" हा हिशोब इथे उलटा पडतो. मोठ्यांची सिस्टीम इतकी तयार आहे की लसीला काम करायला जागाच उरत नाही.

भांडुपेश्वर:
म्हणजे सोसायटीच्या जुन्या वॉचमनसारखं, गेटवरच ओळखलं आणि परत पाठवलं, रजिस्टरमध्ये एंट्री पण नाही.

सूक्ष्मदर्शी:
चालेल तुमचा वॉचमन. फक्त गंमत अशी की बाळाच्या गेटवरही एक वॉचमन असतो, त्याच्या आईचा, उसना दिलेला. शेवटच्या तीन महिन्यांत नाळेतून आईच्या आयजीजी अँटीबॉडी भरपूर बाळात जातात आणि दुधातून आयजीए येत राहतं. आपल्याकडच्या आयांनी रोटा इतक्यांदा भोगलेला असतो की त्यांच्या अँटीबॉडी तगड्या असतात. बाळाला संरक्षण म्हणून हे उत्तमच, पण लसीलाही तेच अडवतं. मेहुण्याच्या ९० आणि निम्म्याचं एक कारण इथे आहे.

शंकासुर:
म्हणजे मेहुणा बरोबर आहे तर. निम्मी लस चालते हे मान्य करून टाका सरळ. शंभरातल्या पन्नास बाळांना काहीच फायदा नाही आणि आपण टाळ्या वाजवायच्या.

अर्धा_डॉक्टर:
शंकासुर राव, टक्का तसा वाचायचा नसतो. तुमची ती "निम्मी" म्हणजे आपल्याकडच्या चाचणीतले ५४ टक्के, आणि ५४ टक्के म्हणजे लस घेतलेल्या मुलांमध्ये गंभीर रोटा न घेतलेल्यांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी झाला. ४६ पोरांना शून्य फायदा असा त्याचा अर्थ नाही, कोणाला पूर्ण संरक्षण, कोणाला जुलाब झाले पण घरी ओआरएसवर निभावलं, सलाईन लागलं नाही.
आणि दुसरं, जिथे आजारच जास्त तिथे निम्म्याने कमी झाला तरी वाचलेले जीव जास्त असतात. स्वीडनमध्ये रोटाने मूल दगावणं आधीच दुर्मिळ, तिथे ९० टक्के लावून किती जीव वाचणार? आपल्याकडे ५४ लावा आणि वरचा २२ टक्क्यांचा आकडा परत बघा.

शंकासुर:
हे पटलं. पण "लस वेगळी देतात का" याचं उत्तर दिलं नाहीत.

सूक्ष्मदर्शी:
देतो. वेगळी आहे, पण कमअस्सल म्हणून वेगळी नाही. परदेशी दोन लसी आहेत, रोटारिक्स आणि रोटाटेक, दोन्हींच्या मोठ्या चाचण्या २००६ साली छापून आल्या, युरोप-अमेरिकेत ८५ ते ९० च्या पुढे, आणि त्याच लसी आफ्रिका-आशियातल्या गरीब देशांत तपासल्या तेव्हा त्याही ४० ते ६० च्या घरात आल्या. म्हणजे लस तीच, बाळ बदललं की आकडा बदलला.
आपल्या सरकारी कार्यक्रमात रोटाव्हॅक आणि रोटासील. रोटाव्हॅकची गोष्ट मला फार आवडते. ८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांना नवजात बाळांच्या वॉर्डात एक रोटाव्हायरस सापडला, ११६ई नावाचा, बाळांना त्याचं इन्फेक्शन होत होतं पण जुलाब होत नव्हते, आणि ज्यांना तो होऊन गेला त्यांना पुढे गंभीर रोटा कमी झाला. म्हणजे निसर्गानेच सौम्य करून ठेवलेला. त्याच्यावरून लस. मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळ वढूला झाली, ६,७९९ बाळं, २०१४ ला निकाल छापून आला, तो हा ५४ च्या आसपासचा आकडा. २०१६ ला चार राज्यांत सरकारी लसीकरणात आली, महाराष्ट्रात २०१९ ला. आणि कार्यक्रमात आल्यानंतर देशभरातल्या हॉस्पिटलांमधून मोजलं तेव्हाही आकडा साधारण तेवढाच निघाला. चाचणीत दिसलं ते बाहेरही टिकलं, असं नेहमी होत नाही. रोटासील पुण्याच्या सीरमची, ती उष्णता जास्त सहन करते.
आता यात धाग्याच्या विषयाची गंमत बघा. हा ११६ई नवजात बाळांनाच का चिकटत होता? व्हायरसला पेशीवर उतरायला साखरेच्या साखळ्या लागतात, रक्तगटाशी नातं असलेल्या. तान्ह्या बाळाच्या आतड्यात या साखळ्या अर्धवट असतात, वय वाढतं तशा पूर्ण होतात. ११६ईच्या बाहेरच्या प्रथिनाला अर्धवट साखळ्याच धरता येतात. रोटारिक्सच्या व्हायरसला उलट पूर्ण साखळी लागते, आणि ज्यांच्या जीन्समध्ये ती बनतच नाही त्यांच्यात तो कमी रुजतो. तुमच्या माझ्या आतड्यात आणि तुमच्या लेकीच्या आतड्यात फरक नुसत्या अँटीबॉडीचा नाही, व्हायरसला उतरायचं बंदरच वेगळं आहे.

माटुंगा_रोड:
भारी माहिती काका. मी आयटीवाला, बायोलॉजी दहावीनंतर सोडली, पण एक विचारायचंय. बाळाच्या अँटीबॉडी कमी असतात हे कळलं. त्या क्वालिटीने पण कमी असतात का? म्हणजे नुसता नंबरचा फरक की मालाचा?

सूक्ष्मदर्शी:
दोन्ही. २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासात रोटाला उत्तर देणाऱ्या बी पेशींचे जीन्स वाचले, तान्ह्या मुलांचे आणि मोठ्यांचे. मला वाटलं असतं की दोघांचा मालमसाला वेगळा निघेल. तर नाही, दोघंही त्याच मोजक्या जीन्सना हात घालतात, एक ठराविक जीन दोघांच्यात वरचढ. फरक पुढचा आहे. मोठ्यांच्या अँटीबॉडीत त्या जीनवर पुष्कळ छोटे छोटे बदल झालेले असतात, प्रत्येक इन्फेक्शनला शरीर घासून घासून पकड घट्ट करत जातं. बाळांच्यात हे बदल फार थोडे, जीन जवळजवळ जशीच्या तशी. त्यामुळे पकड ढिली.
टी पेशींचंही तसंच. रोटा झालेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात इंटरफेरॉन गॅमा (व्हायरसशी लढायचं एक प्रथिन) बनवणाऱ्या, रोटाला ओळखणाऱ्या टी पेशी सापडतात, थोड्याच असतात पण सापडतात. तान्ह्या मुलांत तोच शोध घेतला तर शोधावं लागतं इतक्या कमी.

दोन_पिल्लांची_आई:
मला धाकट्याच्या वेळी एका खाजगी क्लिनिकमध्ये सांगितलं होतं की थेंबांच्या आधी आणि नंतर एक तास अंगावर पाजू नका, लस वाया जाते. बाळ भुकेने रडून रडून लाल झालेलं, रिक्षात मी पण रडत होते. वरती काका पण म्हणाले की आईचं दूध अडवतं. मग ते बरोबर होतं का?

सूक्ष्मदर्शी:
नाही ताई, आणि तुम्हाला रडवलं ते उगाच. कल्पना कागदावर बरोबर होती. भारतीय आयांच्या दुधात रोटाविरुद्ध आयजीए जास्त असतं आणि बरणीत मिसळलं तर ते लसीच्या व्हायरसला निष्प्रभ करतं, हे अमेरिकन आयांच्या दुधाशी तुलना करून २०१० मध्ये दाखवलं गेलं. मग दिल्लीत प्रत्यक्ष करून बघितलं, अर्ध्या बाळांना लसीच्या आधी आणि नंतर अर्धा तास दूध थांबवलं, अर्ध्यांना पाजलं. अँटीबॉडी येण्यात फरक नाही. दक्षिण आफ्रिकेत, पाकिस्तानातही असेच प्रयोग झाले, थांबवून कुठेच फायदा झाला नाही. तेव्हा पाजा, बिनधास्त पाजा.
नाळेतून आलेल्या आयजीजीचं प्रकरण मात्र खरंच अडतं, त्याला अर्धा तास थांबून काही होत नाही, ते महिनोन्‌महिने बाळाच्या रक्तात असतं.

कुंदा_मावशी:
मग थोडं मोठं झाल्यावर द्या ना, आईचं ते उतरल्यावर.

अर्धा_डॉक्टर:
मावशी, दोन अडचणी. आपल्याकडे रोटा लवकर गाठतो, पहिल्या वर्षातच बरीच बाळं वॉर्डात येतात, थांबलं तर लसीआधी आजार पोचतो.
दुसरी अडचण जास्त नाजूक. १९९८ मध्ये अमेरिकेत रोटाशील्ड नावाची पहिली लस आली आणि १९९९ मध्ये मागे घ्यावी लागली, कारण काही बाळांमध्ये आतडं आतड्यात शिरून अडकायला लागलं, साधारण दहा हजारात एक. पोट फुगतं, बाळ कळवळतं, शौचातून रक्त जातं, वेळेत नाही आणलं तर ऑपरेशन. तीन महिन्यांपेक्षा मोठ्या वयात पहिला डोस घेतलेल्यांत हे जास्त दिसलं. तसंही हा आजार लस न घेता पाच-सात महिन्यांच्या आसपास सगळ्यात जास्त होतो. म्हणून सगळीकडे पहिला डोस लवकर द्यायचा नियम, खाजगीत बहुतेक १५ आठवड्यांच्या आत. पुढच्या दोन लसींच्या चाचण्यांत मग प्रत्येकी साठ हजारांहून जास्त बाळं घेतली, नुसतं हे तपासायला. भारतात रोटाव्हॅक आल्यावर हॉस्पिटलांमधून लक्ष ठेवलं गेलं, २०२० ला निकाल आला, धोका वाढलेला दिसला नाही.

शंकासुर:
हां आता सापडलात. हे रोटाशील्डचं आधी मोठ्यांवर टेस्ट केलं असेल ना? मग तेव्हा का नाही कळलं? एवढ्या टेस्ट करून उपयोग काय?

सूक्ष्मदर्शी:
शंकासुर, तुम्ही विचारलंत ते या सगळ्या चर्चेतलं कळीचं आहे, खवचटपणे विचारलंत म्हणून काय झालं.
नवी लस सहसा पायऱ्यांनी उतरवतात, आधी निरोगी मोठी माणसं, मग एक-दोन वर्षांची मुलं, मग तान्ही. मोठ्यांच्या पायरीवर एवढंच कळतं की हे प्यायल्याने धडधाकट माणसाला काही भलतंच होत नाही ना. आतडं अडकण्याचा आजार हा तान्ह्या वयाचा, तो तिशीतल्या स्वयंसेवकात दिसणार कसा? आणि लस चालेल का हे तर मोठ्यांवरून कळतच नाही, कारण त्यांच्यात आपण जुनी आठवण मोजत असतो.
याचं अलीकडचं उदाहरण, इंजेक्शनची रोटा लस. तोंडाची भानगड नको, आईच्या दुधाची नको, आतड्यातल्या जंतूंची नको, व्हायरसचा नुसता एक तुकडा सुईने द्यायचा अशी कल्पना. मोठ्यांत ठीक, मग दक्षिण आफ्रिकेत मुलांत, मग तान्ह्या बाळांत, अँटीबॉडी छान आल्या, बाळांतसुद्धा. मग घाना, मलावी आणि झांबियात मोठी चाचणी लावली, थेंबांच्या लसीपेक्षा सरस आहे का बघायला. २०२२ मध्ये मध्येच थांबवली, सरस नाही. रक्तातला आकडा उत्तम आणि आतड्यातलं संरक्षण तेवढं नाही. या क्षेत्रातले लोक या बातमीने बरेच नाउमेद झाले.

माटुंगा_रोड:
आतड्यातल्या जंतूंचं मध्येच टाकलंत आणि पुढे गेलात. ते मायक्रोबायोम वगैरे का? इन्स्टावर त्याच्या पावडरी विकतात.

सूक्ष्मदर्शी:
पावडरी सोडा. पण विषय खरा आहे. वेल्लोर, मलावीतलं ब्लँटायर आणि इंग्लंडमधलं लिव्हरपूल, तीन गावची बाळं एकाच पद्धतीने तपासली, २०२१ ला छापून आलं. रोटारिक्सनंतर आयजीए दिसलं ते ब्रिटनच्या निम्म्याहून थोड्या जास्त बाळांत, वेल्लोर-मलावीत चारातल्या एकाच्या आसपास. जास्त प्रकारचे जंतू आतड्यात लवकर वस्तीला आलेल्या बाळांत लसीचं उत्तर कमी, आईच्या अँटीबॉडी जास्त तिथे उत्तर कमी. आणि वेल्लोरच्या निम्म्याहून जास्त बाळांना लसीच्या आधीच, जन्मल्याजन्मल्या रोटाचं इन्फेक्शन होऊन गेलेलं. म्हणजे आपण ज्याला कोरी पाटी म्हणतोय ती आपल्याकडे दीड महिन्यातच तेवढी कोरी राहिलेली नसते.
एक लक्षात आलं का, ब्रिटनमध्ये निम्म्याच बाळांत आयजीए दिसलं तरी तिथे लस ९० च्या जवळ वाचवते. म्हणजे रक्तातलं आयजीए हे सगळं सांगत नाही, बाकी काहीतरी काम करतंय जे आपण सुईने काढून मोजत नाही.
मोठ्यांतही हे जंतूंचं बघितलंय, हॉलंडमध्ये. निरोगी पुरुषांना आधी अँटिबायोटिक दिलं, काहींना एकच, काहींना तीन-तीन मिळून, मग रोटाची लस, २०१८ चा अभ्यास. महिन्याभराने रक्तातलं आयजीए सगळ्या गटांत सारखंच. पण एकच अँटिबायोटिक दिलेल्यांत पहिल्या आठवड्यात अँटीबॉडी उसळी घेणारे जास्त निघाले आणि अँटिबायोटिक घेतलेल्यांत व्हायरसही शौचात जास्त सापडला. म्हणजे जंतूंनी फरक पडतो, पण मोठ्यांत आधीची आठवण एवढी जड असते की महिन्याभराने सगळं त्याच पातळीवर येतं. बाळाला ती पातळीच नसते.
(कृपया यावरून कोणी बाळाला लसीआधी अँटिबायोटिक देऊ नका. लिहावं लागतं, लोक काहीही करतात.)

भांडुपेश्वर:
काका, मग डोस वाढवा की. तीन नाही तर पाच.

सूक्ष्मदर्शी:
वेल्लोरला करून बघितलंय, रोटारिक्सचे तीन विरुद्ध पाच. फारसा फरक नाही. ज्या बाळात रुजायचं तिथे रुजतं.
उलट दिशेने मात्र काहीतरी निघालं. ऑस्ट्रेलियन लोकांनी असाच नवजात बाळांतला एक सौम्य व्हायरस घेऊन लस केली, इंडोनेशियात तपासली, २०१८ ला निकाल. पहिला डोस जन्मानंतर पाच दिवसांच्या आत दिलेल्या गटात दीड वर्षापर्यंत ७५ टक्के, दोन महिन्यांपासून सुरू केलेल्यांत ५१. जितकं लहान तितकं कच्चं, म्हणून लस तितकी कमी चालणार असं आपण धरून चालतो, आणि इथे सगळ्यात तान्ह्यांनी सगळ्यात चांगलं उत्तर दिलं. पोटात आम्ल कमी, जंतूंची गर्दी अजून जमलेली नाही, अशी कारणं मांडतात. मला स्वतःला हा निकाल या सगळ्या साहित्यात सगळ्यात आवडतो, कारण वयाबरोबर प्रतिकारशक्ती एका सरळ रेषेत वाढते या समजुतीला तो सरळ आडवा जातो.

दोन_पिल्लांची_आई:
काका थँक्यू. पोलिओचे थेंब एकदम देतात त्याने काही होतं का? ते पण तोंडातूनच आणि ते पण जिवंत ना?

सूक्ष्मदर्शी:
हो, दोघांना एकाच आतड्यात जागा हवी असते. रोटाच्या पहिल्या डोसला पोलिओच्या थेंबांमुळे उत्तर थोडं कमी येतं असं दिसलंय, पुढचे डोस झाले की तो फरक बराच भरून निघतो. पुन्हा पुन्हा केंद्रात बोलावलं तर अर्धे लोक येणारच नाहीत, म्हणून एकत्र. (अवांतर: पोलिओचे थेंब आमच्या परळला हाफकिनमध्येही बनतात, जाता येता ती पाटी बघून अजूनही बरं वाटतं.)

शंकासुर:
शेवटचा प्रश्न, मग सोडतो. खुद्द रोटा होऊन गेला तर? नैसर्गिक इन्फेक्शन लसीपेक्षा पक्कं असं आमचे एक नातेवाईक सांगत असतात.

अर्धा_डॉक्टर:
मेक्सिकोत २०० बाळांवर लक्ष ठेवलं होतं, १९९६ ला छापलं, दोनदा इन्फेक्शन होऊन गेल्यावर मध्यम किंवा गंभीर जुलाब कोणालाच नाही. सगळे खूष. मग गगनदीप कंग आणि त्यांच्या टीमने वेल्लोरला ३७३ मुलं बघितली, २०११. आपल्याकडे तीन इन्फेक्शन झाल्यावर कुठे ७९ टक्के संरक्षण, आणि मुलं पुन्हा पुन्हा आजारी. म्हणजे नैसर्गिक इन्फेक्शनही आपल्या बाळांत तेवढंच कमी चालतं, लसीला एकटीला शिव्या देऊन उपयोग नाही. आणि ती तीन इन्फेक्शनं पार करायची तर प्रत्येक वेळी मूल जगायला हवं, तुमच्या नातेवाइकांना एकदा आमच्या वॉर्डात पाठवा, मी दाखवतो.

स्लो_लोकल:
बापरे, ऑफिसमधून बघतोय तर धागा कुठच्या कुठे. सगळ्यांना धन्यवाद, आईला वाचून दाखवणार आहे. एकच राहिलं, लेकीचे तिन्ही डोस झाले की रक्त तपासून बघता येईल का, अँटीबॉडी आल्या की नाही? आमच्या इथे कोपऱ्यावर लॅब आहे, सगळ्या टेस्ट करतात.

सूक्ष्मदर्शी:
नको. ही टेस्ट संशोधनासाठी करतात, कोपऱ्यावरच्या लॅबचं ते काम नाही. आणि समजा केलीत आणि आकडा शून्य आला तर काय करणार? लिव्हरपूलची निम्मी बाळं आठवा, आकडा नाही तरी बहुतेक सुरक्षित. दहा आठवड्याचा आणि चौदा आठवड्याचा डोस चुकवू नका, माता-बाल कार्डावर शिक्का मारून घ्या.

अर्धा_डॉक्टर:
+१. आणि घरी ओआरएसची चार पाकिटं आणून ठेवा, एक्सपायरी बघून. लस घेतली तरी जुलाब होऊ शकतात, रोटा सोडून बाकी डझनभर जंतू आहेत. सहा महिन्यांच्या आत झाले तर झिंक १० मिलिग्रॅम, नंतर २०, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. लेकीचे लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुवा, पहिल्या डोसनंतर काही दिवस लसीचा व्हायरस शौचातून जातो. आईंना त्याने काही होणार नाही, पण घरात कोणाची केमो वगैरे सुरू असेल तर त्यांना लंगोट बदलायला लावू नका.

कुंदा_मावशी:
लंगोट आजकाल कोण वापरतं, सगळे ते डायपर. पण बरं सांगितलंस रे.